पायी की कडेवर?

मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. विषय होता, मतदानाचं किमान वय एकवीसवरून अठरावर आणावं की नाही. बाईंनी इतकी वर्षं मतदारांची नावं लिहिली, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, तेव्हा बाईंना यातलं कळत असणार, असा कॉलेजवाल्यांचा भाबडा समज. मुलं बोलली मात्र झकास. एक म्हणाला, अठराव्या वर्षी हातात बंदूक चालते, नांगर चालतो, मग मतच तेवढं का चालत नाही? दुसरा म्हणाला, ज्याला अजून स्वतःची मिशी नीट राखता येत नाही, त्याच्या हाती देश कसा द्यायचा? टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गुण दिले, चहा घेतला, टॉवेल-नारळ घेतला आणि निघाले.

फाटकापाशी एका मुलीने गाठलं. "बाई, तुम्ही सांगा ना खरं खरं. अठरा की एकवीस?"

"मला एसटी गाठायची आहे," मी म्हटलं आणि सटकले. एसटीला चांगला तासाभराचा अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर बसून शेंगा सोलत मी स्वतःवरच चिडत राहिले. एवढ्या स्पर्धेत सगळे मिशीबद्दल बोलले होते. वेणीबद्दल एकानेही तोंड उघडलं नव्हतं, आणि परीक्षक म्हणून बसलेल्या मीही नाही. त्या मुलीला द्यायचं उत्तर मी इथे देते आहे. हा अंक तिच्या हाती पडला तर बरं.

मी प्राथमिक शिक्षिका. नोकरीतला मोठा काळ पारोळा तालुक्यात, बोरी नदीकाठच्या एका गावात गेला. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याची गोष्ट वेगळी आहे आणि फार कंटाळवाणी आहे. बदलीचे अर्ज बाकीच्या बायका करायच्या, कोणाला नवऱ्याच्या गावी जायचं असे, कोणाला सासरी. मला कुठेच जायचं नव्हतं, त्यामुळे मला कोणी हलवलंही नाही. शाळेमागे एक खोली होती, खोलीपुढे कडुलिंब होता, आणि संध्याकाळ झाली की गावात ज्याच्या-त्याच्या घरात दिवा लागे. माझ्या खोलीत मी लावला तरच लागायचा.

आता हा नोंदणीचा धंदा काय असतो ते सांगते, कारण शहरातल्या लोकांना वाटतं की मतदार यादी आपोआप छापून येते. निवडणूक जवळ आली की आम्हा शिक्षकांना घरोघर धाडायचे. घरात माणसं कोण, नात्याने काय, वय किती. पहिल्या दोन प्रश्नांना लोक हसून उत्तर देतात. तिसऱ्याला घोडं पेंड खातं. खेड्यात जन्मतारीख कोणाजवळ होती? शाळेत गेलेल्यांना मास्तरांनी सरसकट एक जून लावून दिलेला. जे शाळेत गेले नाहीत त्यांना तोही नाही. एका म्हाताऱ्या आबांना मी वय विचारलं, तर म्हणाले, "लिखी ल्या शंभर." मी म्हटलं, "आबा, शंभरचे नाहीत हो तुम्ही." त्यावर ते अगदी समजूतदारपणे म्हणाले, "मग तुमले कितला पाहिजे?"

म्हाताऱ्यांचं काही अडत नाही. साठ लिहा की सत्तर, मत एकच. खरी ओढाताण असते ती एकविशीच्या उंबरठ्यावर. त्यासाठी मी एक युक्ती काढली होती. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आमच्याकडे गावोगाव शाळांवर झेंडा लागला आणि पोरांना साखर वाटली. ती साखर खानदेशातला कोणी विसरलेला नव्हता. मी सदुसष्टच्या निवडणुकीआधी नावं लिहीत फिरत होते तेव्हा प्रत्येक तरण्या माणसाला एकच विचारायची, "झेंड्याची साखर आणायला पायी गेला होतास की कडेवर?" आपल्या पायांनी शाळेपर्यंत जाऊन मूठभर साखर घेऊन येणारं पोर म्हणजे तीनेक वर्षांचं असणार. म्हणजे आता एकविशी ओलांडलेलं. पायी गेलेला आत, कडेवरचा बाहेर. कायद्याच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, पण वय सांगताना चाचरणारा माणूस साखरेबद्दल खोटं बोलत नसे.

पुरुष खोटं बोलत नसत. बायकांच्या बाबतीत मात्र माझी युक्ती पार आपटली. दोन गल्ल्या फिरले आणि माझ्या लक्षात आलं, गावातली लग्न झालेली प्रत्येक बाई साखर आणायला पायी गेलेली होती आणि लग्न न झालेली प्रत्येक मुलगी कडेवर होती.

त्याचं कारण चावडी. कच्ची यादी तयार झाली की तलाठी ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवत, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्याने सांगावी. बिनलग्नाच्या मुलीचं नाव त्यात निघालं की भर गावात दवंडी पिटल्यासारखंच, की हिची एकविशी उलटली आणि अजून बापाच्या घरी आहे. म्हणून मुलगी वीस वर्षांची झाली की तिथेच थांबायची. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी एकवीसची व्हायची. मग ती सोळाची असो की पंचवीसची.

अशा थांबलेल्यांपैकी एक वत्सला. उखा आबांची मुलगी. आबा बेताचे शेतकरी, माणूस सरळ, बोलायला थोडका. घरात त्यांची बायको यशोदा अक्का, एक मुलगा, सून सिंधू आणि तिचं तान्हं. वत्सलाला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर वण राहिले होते. दोन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले, परत आले नाहीत. घरच्यांनी तिला शाळेत घातलं नव्हतं. पण मी गावात आले तशी ती संध्याकाळी माझ्या खोलीवर यायला लागली, अक्षरं शिकायला. येताना फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणायची. वर्षभरात ती वर्तमानपत्र वाचू लागली, आणि मला मात्र कोणीतरी येणार म्हणून संध्याकाळी केर काढायची सवय लागली. हसायची फार. माझ्या बोलण्याची नक्कल करायची, "मुलींनो, शांत बसा," अशी अगदी माझ्या नाकातल्या आवाजात. माझी नक्कल करणारं माणूस मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्यांच्या घरी नावं लिहायला गेले तेव्हा आबा शेतात होते. अक्का सुपात धान्य निवडत बसली होती. सुनेचं वय विचारलं.

"एकवीस," अक्का म्हणाली.

सिंधू तेव्हा अंगणात शेजारच्या पोरींबरोबर लंगडी घालत होती. सतराच्या वर एक दिवस नसेल. मी म्हटलं, "अक्का, झेंडा लागला तेव्हा ही जन्माला तरी आली होती का?"

"पोर शे तिले बाई. माय व्हई गई ती. मग एकवीसनी नही का?" अक्काच्या दृष्टीने विषय संपला. मी ते वय लिहिलं नाही. त्याने काही बिघडलं नाही, कारण चार दिवसांनी घरच्यांनी सरळ तलाठ्याकडे जाऊन सिंधूचं नाव घालून घेतलं.

"आणि वत्सलाचं वय?"

"ती? ती ल्हान शे. ईसनी."

"गेल्या वर्षीही वीसच होती."

"पुढला साल बी ईसनीच राही. लगीन व्हवालगून ईसनीच," अक्का म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसू आवरून हळूच म्हणाली, "शिंदखेडाना पाव्हना येवाना शेतस, बाई. दिवाळी व्हयनी की."

मी काम म्हणून विचारलं, "साखर आणायला पायी गेली होती की कडेवर?"

"कडेवर व्हती. मनीच कडेवर."

"नाही गं माय," दाराआडून आवाज आला. वत्सला माझ्याशी आमच्यासारखंच, पुस्तकी मराठीत बोलायची, आता आईशीही तसंच बोलली. "पायी गेले होते मी. तूच तर सांगतेस. पाऊस होता, येता येता साखर मुठीत विरघळली आणि मी वाटभर रडले."

अक्काचे हात सुपातच राहिले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पाया पडस बाई तुमन्या. नाव लिखू नका. लोके काय म्हनतीन?"

वत्सला उंबऱ्याच्या बाहेर आली. "लिहा बाई. मागे पंचायतीच्या वेळी गाडी भरून सगळ्या गेल्या. माझ्या बरोबरीच्या सुना सगळ्या त्या गाडीत होत्या. नवी लुगडी नेसून, गाणी म्हणत. मी दारात उभी. गाडी दिसेनाशी झाली तरी उभी. मला पण जायचं आहे."

तिला कोणाला निवडून आणायचं होतं, असं मुळीच नाही. केंद्र नदीपलीकडच्या गावात असायचं, आणि मतदानाचा दिवस हा आमच्या बायकांचा एकमेव दिवस, ज्या दिवशी ना लग्न, ना मयत, ना देव, तरी गाडी जुंपून त्यांना बाहेर नेत. त्या गाडीत बसायला वय लागत होतं. तिच्याजवळ ते होतं आणि घरच्यांनी ते कुलपात ठेवलं होतं. मी नाव लिहिलं. वय तेवीस.

चावडीवर यादी वाचली तेव्हा मी मागे बायकांत उभी होते. तलाठी एका सुरात वाचत होते. तिचं नाव आलं, वय आलं, आणि पुढून कोणीतरी खाकरलं. मग एकजण मोठ्याने म्हणाला, "उखा आबा, पोर मोठी व्हई गई हो!" हशा पिकला. आबा खाली मान घालून बसले होते ते तसेच उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. कडुलिंबाखाली उभं राहून म्हणाले, "बाई, तुमले पोर नही. म्हनीसन तुमले समजत नही."

एवढंच बोलले आणि गेले. गावात मला बरंच काही ऐकवलं गेलं आहे, पण ते वाक्य लागलं तसं दुसरं लागलं नाही. ते रागाने बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी सांत्वन करावं तशा आवाजात बोलले होते.

आबांनी हरकत घेतली, की माझी मुलगी एकवीसची नाही, नाव चुकून पडलं आहे. पारोळ्याला कचेरीत सुनावणी लागली. नाव लिहिणारी म्हणून मलाही बोलावणं आलं. एकाच एसटीने गेलो. बापलेक पुढे, मी मागे. मध्ये एकदा तिने वळून पाहिलं आणि डोळे मिचकावले. मला वाटलं, पोरगी जिंकते.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे, नवीनच आलेले. त्यांनी जन्माची नोंद मागितली. त्या सालांची गावची नोंद वाळवीने खाल्लेली होती. शाळेचा दाखला मागितला. शाळेतच घातलं नव्हतं. मी साखरेचं सांगायला गेले तर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंना जरा विश्रांतीची गरज दिसते. शेवटी म्हणाले, "मुलीलाच विचारू. काय हो, तुमचं वय काय?"

वत्सलाने तोंड उघडलं आणि तिचं लक्ष बापाकडे गेलं. माझंही गेलं. आबांनी टोपी काढली होती आणि हात जोडले होते. साहेबांकडे तोंड करून नव्हे, तिच्याकडे.

"वीस," ती म्हणाली.

साहेबांनी एक ओळ लिहिली. नाव कमी झालं. आम्ही तिघं बाहेर आलो. आबा पानाच्या टपरीकडे गेले तेव्हा मी तिला म्हटलं, "का गं अशी?"

"बापाने हात जोडले, बाई," ती म्हणाली. "वय माझं असलं तरी काळजी त्यांचीच आहे ना." आणि पदराने डोळे पुसून पुन्हा त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

शिंदखेड्याचे पाहुणे दिवाळीनंतर आले. जेवले, पान खाल्लं, कळवतो म्हणाले. कळवलं नाही. चावडीवरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली म्हणून, की वणांमुळे, की आणखी कशामुळे, ते देव जाणे. गावाने मात्र ठरवून टाकलं, बाईने लिहिलं म्हणून मोडलं. मी लिहिलं ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण बरोबर असण्याची ऊब काही येत नाही हो. वत्सलाचं माझ्याकडे येणं बंद झालं. तिच्या मागोमाग बाकीच्या दोन-चार बायका यायच्या, त्याही थांबल्या. नदीवर भेटली तर ती हसायची, पण घागर भरली की चालू लागायची.

सदुसष्टला माझी ड्यूटी रावेरकडे लागली. बायकांच्या रांगेला शाई लावायला बाईमाणूस लागतं, म्हणून आम्हा शिक्षिकांना लांब लांब धाडत. वाटेत केळीचे ट्रक, केंद्रावर ही तोबा रांग. लोकांना वाटतं केंद्रावर आम्ही वय तपासतो. मुळीच नाही. यादीत नाव आहे ना, आणि माणूस तोच आहे ना, एवढंच पाहायचं. वयाची लढाई यादीच्या वेळीच हरलेली किंवा जिंकलेली असते. एक मुलगी आली, अंगापेक्षा लुगडं मोठं, कपाळभर कुंकू. यादीत वय बावीस. मी शाई लावली तर बोट उन्हात धरून म्हणाली, "बाई, ही मेंदीसारखी रंगते का?" मी म्हटलं, "रंगते." दुसरं काय सांगणार?

गावी परतले तर सिंधू ओट्यावर बसून शेजारणींना बोट दाखवत होती. तिचं पोर वत्सलाच्या कडेवर होतं. मला पाहून वत्सला आत गेली.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी फार एकटी होते. हे लिहायची पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही. शाळा होती तोवर दिवस जायचा. मग पोरं घरी पळत आणि मी फळ्याकडे पाहत राही. संध्याकाळी केर काढायची सवय तशीच राहिली होती. केर काढून दार उघडं ठेवून बसायचं, अंधार पडला की लावून घ्यायचं. कधी कधी मी स्वतःलाच "मुलींनो, शांत बसा" म्हणून पाहायची. तिच्यासारखं जमत नसे.

बहात्तरच्या निवडणुकीआधी पुन्हा घरोघर फिरणं आलं. उखा आबांच्या घराला वळसा घालता आला असता तर मी घातला असता. अक्का वर्षापूर्वी गेली होती. आबा खाटेवर बसले होते, एकदम म्हातारे झालेले. सगळ्यांची नावं मी स्वतःच वाचून दाखवली. ते मान हलवत गेले. वत्सलाचं नाव मी काढलं नाही. एकदा हात पोळले होते. उठले, चप्पल घातली.

"बाई, एक नाव राही गयं," आबा म्हणाले.

"कोणाचं?"

"पोरनं."

घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी पुन्हा बसले. वय विचारायचा मला धीर होईना. माझ्याच धंद्यातला तिसरा प्रश्न, हजारांना विचारलेला, आणि जीभ उचलेना.

त्यांनीच सांगितलं. "अठ्ठावीस लिखा." मग खाटेच्या दोरीकडे पाहत म्हणाले, "झेंडा लागना तवय पायी गई व्हती ती. मना बोट धरीसन. बठ्ठा गावले ठाऊक शे, बाई."

मी लिहिलं. एवढ्या वर्षांनी तिचं नाव लिहायला मिळालं, मला बरं वाटायला हवं होतं. त्या घरात त्या दिवशी कोणी मेलं नव्हतं, पण मला अंगणातून तसंच निघावंसं वाटलं, काही न बोलता, मागे न पाहता. बापाची आशा संपली आणि मुलगी मतदार झाली, इतका सरळ हिशेब होता. आबांनी माझ्यापुढे हार मानली नव्हती. ते दमले होते.

या वेळी चावडीवर तिचं नाव वाचलं तेव्हा कोणी खाकरलं नाही. कोणी हसलंही नाही. मला वाटलं, त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

आता त्या कॉलेजातल्या मुलीचं उत्तर. बाळ, आमच्याकडे मुलींच्या मताचं वय एकवीस कधी नव्हतंच. सिंधूला सतराव्या वर्षी मिळालं, वत्सलाला अठ्ठाविसाव्या. लग्न होईल ते एक वय, किंवा बाप थकेल ते दुसरं. कायद्यातला आकडा आम्ही फक्त खोटं बोलायला वापरला. तू म्हणशील, मग अठरा केलं तर मुली सतरावर थांबतील. थांबतील काही, मला माहीत आहेत आमच्या अक्का. पण तरी करा. कारण अठराच्या मुलीचं नाव चावडीवर वाचलं तर कोणी खाकरत नाही. अठरा म्हणजे अजून उशीर झालेला नसतो. आई लपवणार नाही, बाप टोपी काढणार नाही. एकदा नाव लागलं की लागलं, पुढे लग्न होवो न होवो, ते खोडायला कोणी पारोळ्याला जात नाही. मुलगे देश चालवतील की नाही ते त्या मिशीवाल्या वक्त्याला विचार. मी मुलींपुरतं सांगते. लाज यायच्या आधीचं वय ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

हे स्पर्धेत बोलले असते तर टाळ्या पडल्या असत्या की नाही, शंका आहे.

बहात्तरला माझी ड्यूटी शिंदखेडा तालुक्यात लागली. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गावी परतले, पाय धुतले, सवयीने केर काढला. दार उघडंच होतं. वत्सला उंबऱ्यात उभी होती. हातात फडकं, फडक्यात भाकरी.

"मुलींनो, शांत बसा," ती म्हणाली. तोच नाकातला आवाज. मला हसायला यायच्या आधी रडायला आलं. मी ते लपवलं नाही.

तिने बोट पुढे केलं. शाई चांगली ठळक होती, नखावरून कातडीवर उतरलेली. लावणाऱ्या बाईचा हात नवखा असावा. मी म्हटलं, "जास्त लावली गं. महिनाभर जायची नाही."

"न जाऊ दे," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "तुमचं बोट?"

माझं नाव त्याच गावच्या यादीत होतं, पण प्रत्येक मतदानाच्या दिवशी मी दुसऱ्या कुठल्यातरी गावी दुसऱ्यांना शाई लावत असायची. ड्यूटीवाल्यांना टपालाने मत देता येतं. एकदा मागवलंही होतं. ते निकाल लागल्यावर आलं. हे सगळं मी तिला सांगितलं.

"म्हणजे एकदा पण नाही?"

"एकदा पण नाही."

ती बराच वेळ माझं कोरडं बोट धरून बसली. मग भाकरी सोडली, ठेचा काढला, आणि मी इतक्या वर्षांच्या साचलेल्या उत्सुकतेने एकदम विचारून टाकलं, "बरं, सांग तर! गाडीत कोणाशेजारी बसलीस? गाणी म्हटलीत का?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला.

"गाडी दारात आली होती, बाई. आबा बसले, वहिनी बसली. वहिनीच्या मांडीवर धाकटं, शेजारी जागा पण ठेवली होती. पण मागे त्या गाडीतल्या माझ्या बरोबरीच्या सगळ्या आता लेकराबाळांसह आपापल्या घरच्या गाडीत. गाडीत होत्या त्या सगळ्या नव्या सुना, मला आत्या म्हणणाऱ्या." तिने तुकडा ठेच्याला लावला आणि तसाच हातात धरला. "म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी पायी गेले."